सईच्या खिशात

आधी चालू प्लगात टेस्टर पेटवून पाहिला.
मग मेन पाडला, फ्यूज उपसून
सईच्या फ्रॉकच्या खिशात घातला:
मी खाली उतरेपर्यंत
आजोबांनी मागितला तरी द्यायचा नाही.

पंखा थांबला,
आणि खणभागातल्या भर दुपारी
घरानं कान टवकारले.

स्टूल डुगडुगलं.
सासूबाईंनी त्याचे पाय धरले.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
माझ्यासाठी वाकल्या.

टेस्टर गप्प. पुन्हा लावला, तरी गप्प.
जुना लाकडी गट्टू सुटला,
डोळ्यांत चुना,
आणि मागे बशीएवढा निळा,
लग्नाच्या वर्षीचा,
एकाही दिवाळीचा ब्रश न लागलेला.

नवा दिवा त्याहून रुंद.
शेवटचा स्क्रू
जरा वेळ ओठांतच राहिला.

"सई, आण आता."
फ्यूज कोमट झाला होता.