उघडं टोक

दुपारी दोनला जातं, पाचला येतं.
गुल्हान्यांच्या गल्लीतून पंधरा दिवसांत एकवीस फोन.
शेंदुरजनाघाट, मे महिना, डांबर चपलेला धरून ठेवतं
आणि मी शिडी खांद्यावर घेऊन
पुन्हा त्याच कडुनिंबाखाली.

"बंद करून चालू केलं का?" हे आता विचारायचं नसतं.
केलेलं असतं.
फ्रीजवर ठेवून झालेलं, फ्रीजवरून उतरवून झालेलं,
मोडेमच्या कपाळाला कोणी कुंकू लावलं होतं,
पुसल्याचा डाग आहे.
दशरथभाऊ म्हणतात, "वानेर लोंबकयते जी वायरले."
शेजारचा म्हणतो, "तुमची मशीनच तापून रायली तिकडं."
पंचफुलाबाई पाण्याचा गडू ठेवतात, काही म्हणत नाहीत.

जुना कनेक्टर कापला, नवा दाबला.
तांब्याची तार नखाएवढीच बाहेर,
जाळीचा एक केसही तिला शिवता कामा नये.
खांबावरचा डबा उघडला: आत मुंग्यांचं गाव, पण अ‍ॅम्प्लिफायर जिवंत.
मीटर लावलं. येणारा सिग्नल चांगला.
जाणारा बघतो तर
बेचाळीस. सेहेचाळीस. एक्कावन्न.

मोडेमचं असं आहे,
आपलं तिकडं ऐकू जात नाही म्हटलं की तो आवाज चढवतो.
तरी नाही गेलं, अजून चढवतो.
चोपन्नच्या वर त्याला घसा नाही.
मग सगळं सोडून देतो
आणि पहिल्या दिव्यापासून पुन्हा लुकलुकू लागतो,
कालची ओळखच नसल्यासारखा.

मोनालीनं वही आणली.
बी.एस्सी.ची पोट्टी, मागच्या पानावर तिची नोंद:
गेलं १.५५, आलं ५.१०. गेलं २.०५. रविवारी दीडलाच.
बुधवारी गेलंच नाही.
"बुधवारी काय होतं?"
"तिकडल्या फेजवर लाइन नव्हती," ती म्हणाली,
आणि 'तिकडल्या' म्हणताना तिनं हात केला नाही,
नुसती मान केली, भिंतीकडं.

भिंत बिनगिलाव्याची, अंगणाच्या मधोमध.
तार मात्र भिंतीच्या आधीची.
एकातून दोन करणारा तो पितळी तुकडा मीच बसवला होता,
तेव्हा चूल एक होती.
एकाचे दोन केले की प्रत्येकाला
अर्ध्याहून थोडं कमीच मिळतं.
हे गणित मी घरोघरी सांगतो.
इथं नाही सांगितलं.

दोन वाजले. भिंतीपलीकडं कूलर भर्रर्र झाला.
माझ्या हातातला आकडा उडाला.

रस्त्यानं वळसा घालून चाळीस पावलं.
पंढरीभाऊंनी दार अर्धंच उघडलं.
"आमचं तं छत्रीवर हाय, आमाले काय करा लागते?"
"तुमचं काही नाही बिघडलं. एक टोक पाहायचं आहे."
कूलरच्या मागं होतं ते,
सुतळीसारखं खिळ्याला टांगलेलं,
तांबं हिरवं पडलेलं, तोंड उघडं.
नऊ वर्षं जो खडखडाट झाला तो ते पीत आलं,
आणि यंदा जुन्या कूलरला नवी मोटर.
उघड्या टोकातून आत गेलेला आवाज
एका घराचा राहत नाही.
अख्खी गल्ली एकाच तारेवर बोलते.

मी कोर कापली. खिशातून टोपी काढली,
पंच्याहत्तर ओहमची, चण्याएवढी.
तीन आटे. चौथ्याला बोटं दुखतात.

"आलं!" भिंतीपलीकडून मोनाली.
कूलर चालूच होता.
पंढरीभाऊ माझ्याकडं न बघता, जरा मोठ्यानं,
"आलं का?"
कोणी बोललं नाही.
मग पंचफुलाबाई, गडू घासता घासता असाव्यात,
राख आणि पितळेचा आवाज येत होता,
"आलं म्हनते."

टोपी सात रुपयांची.
पावती कोणाच्या नावानं फाडायची,
ते मी दोन्ही दारांत विचारलं नाही.