मेणबत्तीची बरणी

डॉक्टर अपोंडी, उद्या तुम्ही निवृत्त होणार
म्हणून आज सगळ्या बरण्या धुतल्या,
एकोणतीस वर्षं धुतल्या तशाच: दोनदा साबणाने,
एकदा उकळत्या पाण्याने, मग पालथ्या घातल्या
किसुमूच्या त्याच उन्हात, ज्यात बारीक ओमेना मासळी वाळते.

पहिल्या दिवशी तुम्ही दाखवलं होतंत:
बशा आत रचायच्या, वर मेणबत्ती पेटवायची,
झाकण घट्ट लावायचं आणि बघत राहायचं.
ज्योत बारीक होते, निळसर होते, जाते.
"आता आतली हवा त्यांना मानवेल," म्हणालात.
मला वाटलं, कुठले हे पाहुणे,
दिवा विझल्यावरच अंग धरणारे?
मग भिंगातून पाहिलं. घेवड्याचे दाणे,
जोडीजोडीने, तोंडाला तोंड लावून.
मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

गारठा त्यांना सोसत नाही,
म्हणून म्बिटाच्या धक्क्यावरून परतताना
नमुने तुम्ही स्वेटरच्या आत, पोटाशी धरून आणायचात.
फेरीबोटीत एका म्हातारीने विचारलं, कितवा महिना?
"सतरा जणींचा आहे, आजी."

त्या सतरांत अकेयो होती.
पहाटे टोपली घेऊन वाळूवर उभी राहणारी.
नावेचा मालक तिच्याकडून पैसे नंतर घ्यायचा,
आधी दुसरं काही.
फॉर्मवर रकाना होता: लागण कोणाकडून?
अकेयोने सरोवराकडे बोट केलं.
रात्रीचे कंदील अजून पाण्यावर होते,
कोणी मोजावेत.
तुम्ही तो रकाना कोराच ठेवलात,
खाली पेनाने नवा आखलात:
आज मासळीचा भाव?

नैरोबीहून पत्र आलं, असले प्रश्न वैद्यकात बसत नाहीत.
तुम्ही पत्र फाइलला लावलंत, भाव विचारत राहिलात.
सहा वर्षांनी दोन्ही आकडे शेजारी मांडलेत तेव्हा
जाळी रिकामी आलेल्या आठवड्यांच्या मागोमाग
आमच्या बशा भरलेल्या निघाल्या.

आणि ती कडी.
औषधाच्या टिकलीभोवती मोकळं राहणारं वर्तुळ.
तुम्ही पट्टी धरायचात, म्हणायचात, "ओगुटू, लिही."
बत्तीस मिलिमीटर. तीस.
टिकल्या बदलल्या, औषधांची नावं लांबत गेली,
सव्वीस, एकोणीस, चौदा.
गेल्या मंगळवारी एका टिकलीला कडंच पडलं नाही,
थेट तिच्या काठापर्यंत दाट वाढ.
तुम्ही पट्टी हातात धरून बसलात
आणि मी पेन.
शून्य लिहायचं की रेघ मारायची,
तुम्ही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

निरोपसमारंभात संचालक बोलतील,
लढा, विजय, वगैरे. केक आहे.
अकेयो येणार आहे म्हणे, मासळी घेऊन.
आता तिची स्वतःची नाव आहे.
एक इंजिन मात्र नादुरुस्त.

नव्या खोलीत सिलिंडरच्या वायूवर चालणारी पेटी आलीय,
तिला काडी ओढावी लागत नाही.
कपाटात अकरा मेणबत्त्या उरल्यात.
नोंदवहीत काय दाखवू?
वीज गेल्यावर लागतील,
सध्या एवढंच लिहितो.