खिळा

ती आली तेव्हा वाटलं, पुन्हा कुणीतरी मोजायला आलंय:
माणशी किती खाटा, किती बादल्या, किती वर्षं.
पण तिच्या बादलीत चुना होता
आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांतले बूट.
त्सिरा. वय तेवीस. आमच्या युद्धानंतर जन्मलेली.
समुद्र पाहिला नाही म्हणाली,
म्हणजे आपला, तिकडचा, ओचामचिरेचा.

त्स्खाल्तुबोच्या या सॅनेटोरियममध्ये एकेकाळी
लोक गुडघे बरे करायला येत.
आम्ही महिन्याभरासाठी आलो होतो.
छताला अजून फुलांची नक्षी आहे.
फुलांतून पाणी ठिबकतं, आणि खाली
माझी पातेली, उतरत्या क्रमाने.

दारावर टकटक करून ती एकच विचारायची:
तुमच्या घराचं दार कसं होतं?
युद्धाचं नाही, गेलेल्यांचं नाही.
दार.

आणि जी माणसं तीस वर्षं
पेन्शनखेरीज कशावर बोलली नव्हती, ती सांगू लागली.
निळं. तसं निळं नाही गं,
ऊन खाऊन विटलेलं निळं,
आणि खालच्या फळीवर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे.
ती रंग कालवायची, पुसायची, पुन्हा कालवायची.
संध्याकाळी तिच्या कोपरापर्यंत
सगळ्यांची फाटकं चढलेली असत.

दोदो आणि वालिकोचं मात्र अवघड.
तिकडे शेजारी, इकडेही शेजारी, आणि अकरा वर्षं अबोला.
कशावरून, ते दोघं वेगवेगळं सांगतात.
दोघांच्या दारांमधल्या भिंतीवर त्सिराने
त्यांच्या कुंपणावरचं पर्सिमनचं झाड काढायला घेतलं,
पानं झडून नुसती केशरी फळं लटकतात तेव्हाचं.
दोदो म्हणाली, ते माझ्याकडे झुकलेलं होतं.
वालिको भिंतीकडे बघत: तिला विचारा, मुळं कुणाच्या अंगणात होती.
आणि फळं कोण वेचायचं?
आणि शिडी कुणाची होती?
शब्दाने शब्द वाढला, सूप निवून गेलं.
त्सिरा ब्रश दातांत धरून हसू दाबत उभी,
मग मनगटाने डोळे पुसत. गालाला केशरी लागलं.
दुसऱ्या दिवशी झाडावर एक फळ जास्त होतं,
ओबडधोबड, थरथरत्या हाताचं.
कुणी काढलं, विचारायची सोय नाही.

मी म्हणालो, मला दार नको.
दार मी माझ्या हाताने बंद करून आलोय.
मला खिळा काढून दे.
स्वयंपाकघरात शिरताना उजवीकडे, खांद्याइतका उंच,
बापाने ठोकलेला, जरा वाकडा.
त्यावर मी बसवरची टोपी अडकवायचो.

तिने तीन दिवस लावले. एका खिळ्याला.
गंज कुठून सुरू होतो? सावली कधीची हवी?
सातची गाडी काढायच्या आधीची, म्हणालो.
तिने माझा हात धरून भिंतीवर ठेवला: इथे?
नाडी बघणारी नर्स सोडली
तर हाताला कुणी शेवटचं कधी धरलं होतं,
आठवत राहिलो. तिला वाटलं, जागा आठवतोय.

बरं वाटलं का, असं शहरातल्या बाई विचारून गेल्या,
त्यांना कागदावर लिहायचं होतं.
काय सांगणार? गुडघे दुखतात. छत गळतं.
खालच्या मजल्यावर तिने समुद्र रंगवलाय, साफ चुकलाय,
फार हिरवा. आम्ही रोज जाऊन तिला तसं सांगतो.
मग कसा होता? ती म्हणते,
आणि आम्ही खुर्च्या ओढून घेतो.

काल रात्री दिवे गेलेले.
बाहेरून आलो, टोपी काढली
आणि न बघता, सवयीने, अडकवली.
पडली. पडणारच.
अंधारात एकटाच हसलो, जरा मोठ्याने.
भिंतीपलीकडून दोदो: काय झालं रे, गेनो?
टोपी पडली.
कुठून?

मग ते सांगायला दार उघडावं लागलं.