भंगार

सावद्याच्या भट्टीमागं, दुकान मिटल्यावर,
मी फोनवर तलवार घडवते:
तीन लोखंड, दोन कोळसे,
एका राक्षसाचं शिंग.
चार रात्री गेल्या त्या शिंगापायी.
बटण दाबलं. टण्.
झाली.

आप्पा चष्मा कपाळावर सारून बघतात.
ट्रकच्या कमानपाट्यातून
केळीचा घड कापायचा विळा काढायला
त्यांची अख्खी सकाळ जाते,
पाणी देताना तर कुणाशी बोलत नाहीत.

"मोडली तर?"
गायब होते, म्हटलं.
"गायब? मंग भंगार कुठी जाते?"

सांगता आलं नाही.

आज पिशवी भरली.
जुनी ढाल टाकून दे, फोन म्हणाला.
चेपलेली, धड विकलीही जात नाही.
समोर दुसरं शिंग चमकत होतं.
ते तिथंच सोडलं.