भैरीकृपा, ०५:३०

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाइट
मी सांभाळतो, महिना अडीच हजारांवर,
बर्फाच्या गोदामावरच्या खोलीत,
जिथे की-बोर्डलासुद्धा बांगड्याचा वास येतो
आणि खारं वारं दर सहा महिन्यांनी
एक माउस खातं.

कोड माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला.
पान उघडलं की डोक्यावर ओळी यायच्या :
वॉर्निंग, ओळ दोनशे बारा, अमुक सापडलं नाही.
नोटीस, ओळ तीनशे चार, तमुक ठरलेलंच नाही.
मासळी नसेल त्या दिवशी
सरासरी भाव काढायला जाऊन
शून्याने भागता येत नाही म्हणून अडून बसायचं.
लिलावाला आलेल्या बायकांना ते
न भागताच कळलेलं असायचं.

दोरकुळकर भाऊ, सेक्रेटरी, म्हणाले,
"अरे, चारचौघांत ही कसली लक्तरं?
सोमवारी फिशरीजचे साहेब येतायत."

तेव्हा मी ते चिन्ह काढलं.
अ‍ॅट म्हणतात. नीट पाहिलं तर
ओहोटीला पुळणीवर सापडतो तसला
आपल्यातच गुंडाळलेला बारका शंख.
फरक एवढाच, हा फुंकायचा नाही.
ज्याच्या पुढ्यात ठेवाल
त्याचा शंख बंद.

एकेचाळीस जागी ठेवला.
पान धुतल्या पाटासारखं झालं.
साहेब वा म्हणाले, चहा घेतला,
पापलेटांची पिशवी घेऊन गेले.

गेलेल्या-आलेल्या बोटींची यादी
रोज सकाळी आपोआप बनते.
आलेली बोट बंदरावरचा अल्ताफ फोनवर टिपतो.
न आलेली कोण टिपणार?
ती नुसती नसते.

ती नसली की कोडने ओरडायचं : वेळ सापडली नाही.
नेमका तिथे माझा शंख.
मग त्याने रिकाम्यातून वेळ काढली.
मशीनच्या लेखी रिकामं म्हणजे आरंभ,
आरंभ म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
आपल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच.
तारीख आम्ही यादीत दाखवत नाही.

भैरीकृपा. आली. ०५:३०.

इतकी खरी दिसणारी खोटी वेळ
ठरवून लिहायला बसलो असतो
तर मला सुचली नसती.

अकराला सुगंधा पावसे जिना चढून आली.
हातात रिकामी पाटी, पाटीत मोबाइल.
"यादीत साडेपाचला आयली लिवलंय.
मंग आमचा माणूस कुठं हाय?"

कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
मी कोंबडं झाकलं
तर भलतंच उजाडलं होतं,
माझ्या जन्माच्याही आधीचं.

इंजिन बंद पडून बोट जयगडच्या बाहेर वाहत होती.
दुसऱ्या रात्री दाभोळच्या एका बोटीने ओढून आणली.
पाचही जण धड. ओठ फुटलेले,
आल्याआल्या विडी मागत होते.
मला कुणी काही बोललं नाही.
भाऊ म्हणाले, "मशीनच ते, चुकायचंच."
आणि मी,
मीसुद्धा मान हलवली.

त्या रात्री एकेक शंख वेचून काढला.
एका जागी चार तास गेले, कारण
चूक दिसत होती पण कुणाची ते कळेना.
शून्याच्या जागी लिहिलं : आज मासळी नाही.
वेळ नसेल तिथे लाल अक्षरात : आली नाही.
बाकीच्या अजून फुटतायत.
फक्त आता गावाच्या तोंडावर नाही,
एका फाइलीत जमतात,
ती मी दिवेलागणीला वाचतो,
कधी कंटाळून, कधी नुसताच डोळे फिरवत.

सुगंधा बर्फ न्यायला आली की खालून हाक मारते,
"आज किती चुका रे?"
"सतरा," मी खिडकीतून सांगतो.
"बोलतायत ना?
मंग बरं हाय."