तो बँजो नव्हे

बँजो म्हटलं की लालबागला वेगळंच आठवतं:
टाइपरायटरच्या बटणांची पेटी, टेम्पोवर भोंगे,
आणि ताशाच्या पुढे माझे वडील,
प्लॅस्टिकची पत्ती चिमटीत धरून
एका गल्लीची वरात चार गल्ल्यांना ऐकवणारे.

माझा तो नव्हे.
माझ्या बँजोला भोपळ्याचं पोट आहे, पडदे नाहीत.
चार तारा लांब, एक आखूड,
अर्ध्या दांडीवरूनच निघालेली,
अंगठ्यासाठी.
आतड्याच्या तारा इथे कुठल्या मिळायला?
ससून डॉकवरून मासेमारीचा नायलॉन आणते,
वजनावर.

कातडं मढवलं मुरलीधर अवघड्यांनी,
करी रोडच्या पुलाखाली. तीन पिढ्या हलगी.
वाजवणार काय, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं. सगळंच सांगितलं:
समुद्रापलीकडे बांधून नेलेल्या माणसांनी
भोपळा, कातडं, काठी जुळवून हे केलं;
मग गोऱ्यांनी बूच जाळून तोंडाला काळं फासलं,
ओठ जाड रंगवले, पाय वाकडे टाकले
आणि तेच सूर तिकीट लावून वाजवले.
लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले.
मुंबईतही येऊन गेला म्हणे तो खेळ.
अवघडे दोरी ओढत होते.
"आणि ज्यांचं तोंड होतं, ते कुठं बसायचे?"
मला उत्तर आलं नाही.
"ओलं असतानाच ताणायचं," ते म्हणाले.
मजुरी अडीचशेनं कमी घेतली.
का, ते सांगितलं नाही.

तर्जनीचं नख वाढवावं लागतं.
वार वरून खाली, नख तारेवर आदळायचं,
आणि मागून अंगठा त्या आखूड तारेवर,
कुणी दार लोटून गेल्यावर
कडी हलत राहावी तसा.
रक्ततपासणीच्या खोलीत माझा हातमोजा
रोज त्याच बोटाला फाटतो.

धोबी तलाव. लग्नपत्रिकांच्या दुकानावरची खोली.
फळ्यावर कुणीतरी लिहिलं: राग टाइम, सायं. साडेसहा.
टिपणीस आजोबा त्यामुळेच आले,
मारव्याच्या आशेनं, शाल घेऊन.
माणसं एकोणीस. कातडं पापडासारखं सादळलेलं;
टेबललॅम्पखाली धरून बसले,
हलगी शेकतात तशी.

जुन्या चोपडीचं मुखपृष्ठ दाखवलं मी, ते रंगवलेलं तोंड.
मग पालथं ठेवलं.
मग वाटलं, पालथं ठेवणं फार सोपं आहे,
आणि पुन्हा उताणं केलं.
शब्द मी गात नाही.
पण शब्द गाळले की सूर धुऊन निघतो का,
हे मला अजून कळलेलं नाही.
सूर गोड आहे, हीच पंचाईत.
पाय माझाही हलतो.

शेवटी रॅगटाइम. त्याच माणसांच्या नातवंडांचा,
पियानोवरून तारांवर उतरवलेला.
अंगठा कवायतीत चालतो, एक दोन, एक दोन,
आणि बोटं मुद्दाम उशिरा पोचतात,
साहेबाच्या घड्याळाला न जुमानता,
नेमकी हवी तिथे.
टिपणीसांनी मांडीवर सम शोधली.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा हसले.
"ती पहिली चीज कुणाची हो?"
कार्यक्रमपत्रिकेत मीच छापलं होतं: पारंपरिक.
"पारंपरिक म्हणजे?"
म्हणजे ज्याला कुणी विचारलं नाही तो,
असं म्हणायचं होतं.
म्हटलं, नाव माहीत नाही, आजोबा.

खोली रिकामी झाल्यावर
वडिलांनी तो मांडीवर आडवा घेतला,
बटणं चाचपली, नाहीत म्हणून नुसताच थोपटला.
अवघडे आले होते, मागे उभे होते, मला दिसले नव्हते.
त्यांनी एकेक तार छेडली, कान भोपळ्याला लावून.
खाली दुकानदार शटर ओढत होता.
चारही लांब तारा उतरल्या होत्या.
आखूड तार त्यांनी दोनदा छेडली.
"ही नाही उतरली अजून."