कुऱ्हाडपाया

खानापूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत
बरण्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे,
अक्षर बरं म्हणून.
एकाच बरणीची चिठ्ठी तीनदा बदलली मी:
लॅमेलिब्रँकिया खरवडून पेलेसिपोडा,
पेलेसिपोडा भिजवून बायव्हाल्व्हिया.
आतला जीव तोच, मलप्रभेच्या गाळातला,
फॉर्मॅलिनमध्ये पिवळा पडत गेलेला.
त्याची काही तक्रार नाही.
डोकंच नसतं त्याला, म्हणाले हंचिनमनी सर.

मधल्या नावाचा अर्थ सरांना मराठीत सापडेना,
मला त्यांचं कन्नड निम्मं कळेना.
तेव्हा त्यांनी तळहात उभा धरून टेबलावर हाणला,
मग बोट दाखवलं स्वतःच्या चपलेकडे.
कुऱ्हाड. पाय.
कुऱ्हाडपाया!
दोघं इतके हसलो
की तराजूचा काटा हलला.

आमच्यात त्याला शिंप म्हणत.
आई पायरीच्या दगडावर तिला धार लावायची,
कैऱ्या सोलायची,
दुधाच्या पातेल्यातली खरवड काढायची.
शेजारची बसव्वा म्हणायची, चिप्पु दे गं.
आई द्यायची शिंपच.
काम कुणाचं अडलं नाही.

रविवारी बाजारात जोकिनबाय,
घाटाखालून आलेल्या तिसऱ्यांचा ढीग पुढ्यात.
"काय हुडकूलास, भरमाण्णा? मिटलेल्याच घे.
उघडी दिसली की टाकून दे, मेली ती."
मला वाटायचं उलट:
मेल्यावर मिटतात सगळे.

सोमवारी सरांना विचारलं.
त्यांनी दोन शिंपा जोडून दाखवल्या,
सांध्यावर काळी, चिवट पट्टी.
ती सारखी उघडायला ओढते, म्हणाले,
दिवसरात्र.
आतला जीव आपल्या बळानं मिटून धरतो.
बळ संपलं की उघडतं, आपोआप.
एवढं मात्र त्यांनी मराठीत सांगितलं,
"आपोआप" वर थोडं अडखळून.

परवा नवीन चिठ्ठी आली, छापील,
आता माझं अक्षर नको.
डिंक लावण्याआधी ती उलटी केली
आणि मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं,
शिंप लिहिलं.
त्याखाली चिप्पु, कन्नडात,
बसव्वाच्या नातवाकडून गिरवून घेतलेलं,
एक वळण चुकलंच असणार.

बाहेरून छापील नाव.
आतल्या बाजूला ही दोन.
वाचायला तिथं कोणाला डोकं नाही,
माहीत आहे मला.